जुन्या दाराचे अभ्यासाचे टेबल: बडोद्यातील एक प्रकरण

पार्श्वभूमी

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस, गोकुळाष्टमीच्या सुमारास, बडोद्यात सलग मुसळधार पाऊस झाला, विश्वामित्री नदीने धोक्याची पातळी ओलांडली आणि शहराच्या मोठ्या भागात पाणी शिरले. या प्रकरणातील कुटुंब कारेलीबाग भागातील एका जुन्या दुमजली घराच्या तळमजल्यावर भाड्याने राहते. घरात आई-वडील, अकरावीत शिकणारी मुलगी आणि वडिलांचे वडील अशी चार माणसे आहेत. आजोबांचे सारे आयुष्य फॅब्रिकेशनच्या कामात गेले असल्यामुळे लोखंडाचे ज्ञान घरात होते. लाकडाचे मात्र नव्हते. ओळख पटू नये म्हणून नावे दिलेली नाहीत आणि मुख्य मुद्द्याशी संबंध नसलेले काही तपशील बदलले आहेत. प्रस्तुत लेखक त्याच वस्तीत राहतो आणि सुतारकामाची थोडी माहिती असल्यामुळे त्याला सल्ल्यासाठी बोलावण्यात आले होते.

घरात गुडघाभर पाणी दिवसापेक्षा अधिक काळ राहिले. विश्वामित्रीचे पाणी वस्तीत आले म्हणजे मगरीही येतात, त्यामुळे पाणी ओसरू लागल्यावरही सामान हलवायला कोणी उतरेना. शेवटी घर उघडून पाहिले तेव्हा लोखंडी कपाट गंजाच्या वाटेवर, पण उभे होते, सागवानी देवघराला काहीही झाले नव्हते, आणि मुलीचे अभ्यासाचे टेबल पायांपासून फुगून एका बाजूला बसले होते.

समस्या

ते टेबल पार्टिकल बोर्डचे होते. लाकडाचा भुगा आणि चिपा गोंदात मिसळून, उष्णतेत दाबून हा बोर्ड तयार होतो. बहुतेक स्वस्त फर्निचरमध्ये वापरला जाणारा युरिया फॉर्मल्डिहाइडचा गोंद पाण्यात फार काळ टिकत नाही. तो सुटला की दाबून बसवलेल्या चिपा आपल्या मूळ जाडीकडे परत फुगतात. असा बोर्ड वाळला तरी पूर्ववत होत नाही आणि त्यात स्क्रूही पुन्हा धरत नाही. म्हणून दुरुस्तीचा प्रश्न पहिल्याच दिवशी निकालात निघाला.

मुलीची शाळेची पहिली परीक्षा जवळ आली होती. पुरानंतर गाद्या, मिक्सर, फ्रिजची दुरुस्ती अशा खर्चांची रांग लागलेली असताना टेबलासाठी आईने पंधराशे रुपये बाजूला काढले आणि त्यापेक्षा जास्त देता येणार नाहीत असे स्पष्ट सांगितले. त्याच आठवड्यात घरमालकाने समोरच्या दाराची जुनी सागवानी जोडी चौकटीसह उखडून रस्त्यावर ठेवली, कारण चौकट खालून खिळखिळी झाली होती आणि त्याला लोखंडी दार बसवायचे होते. अख्खी गल्ली तेव्हा अशाच ढिगाऱ्यांनी भरलेली होती आणि महापालिकेचा ट्रॅक्टर येईल तेव्हा येईल, अशी स्थिती होती.

विचारात घेतलेले पर्याय

तयार नवे टेबल साडेतीन हजारांपासून पुढे मिळत होते, आणि तेही पुन्हा पार्टिकल बोर्डचेच. मिस्त्रीकडून प्लायवुडचे करून घेण्याचा अंदाज सात हजारांच्या वर गेला. प्लायवुडबद्दल येथे एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे, कारण पुरानंतर या भागात अनेकांनी ‘वॉटरप्रूफ’ या एका शब्दावर विश्वासून पैसे घातले. भारतीय मानकांनुसार आयएस ३०३ या सामान्य वापराच्या प्लायवुडच्या मानकात साधे, केवळ दमट हवा सोसणारे आणि उकळत्या पाण्याला काही प्रमाणात टिकणारे असे दोन्ही दर्जे येतात. आयएस ७१० हे मरीन प्लायवुडचे मानक आहे. पाण्याला टिकणाऱ्या प्रकारांत फिनॉल फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो. प्लायवुडवर शिक्का कोणता आहे हे पाहिल्याशिवाय दुकानदाराच्या शब्दावर विसंबण्यात अर्थ नाही.

तिसरा पर्याय जुन्या लोखंडी ऑफिस टेबलाचा होता. ते बावीसशेला मिळत होते आणि टेम्पोचे तीनशे वेगळे. या पर्यायाकडे लेखकाचा कल होता, हे येथे लपवण्याचे कारण नाही. ते टिकाऊ होते, लगेच मिळणारे होते आणि कोणाच्या श्रमांची त्याला गरज नव्हती. मात्र त्याची उंची ७६ सेंटिमीटर होती आणि पायांच्या दोन्ही बाजूंना खण असल्यामुळे ते कापून कमी करणे शक्य नव्हते.

चौथा पर्याय वडिलांनी आणला. मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील एका ओळखीच्या माणसाकडे लाकडी पॅलेट, म्हणजे मालाखाली ठेवायचे फळ्यांचे पाट, फुकट मिळत होती. निर्यातीच्या मालाखालील पॅलेटवर आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे गव्हाच्या लोंबीचे चिन्ह, देशाचे संक्षिप्त नाव आणि प्रक्रियेची अक्षरे छापलेली असतात. ‘एचटी’ म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवलेले, तर ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड वायूची धुरी दिलेले. आणलेल्या नमुन्यावर कोणताच शिक्का नव्हता आणि फळ्यांना यंत्राच्या तेलाचा वास येत होता. त्या कशावर ठेवल्या होत्या आणि त्यांवर काय सांडले होते, हे कळण्याचा मार्ग नव्हता. मुलगी ज्या पृष्ठभागावर रोज हात टेकून बसणार, तो अशा लाकडाचा नसावा, यावर सर्वांचे एकमत झाले आणि पॅलेट परत पाठवण्यात आली. फुकट मिळालेली वस्तू परत करायला वडिलांना अवघड वाटले; परंतु पुढच्या सर्व कामात हा नकारच सर्वांत स्वस्त ठरला.

उरला तो घरमालकाचा टाकून दिलेला दरवाजा. रस्त्यावर ठेवलेली वस्तू आपलीच, असे समजून उचलण्याऐवजी आईने मालकांना फोन करून विचारले आणि त्यांनी दोन्ही झडपा आनंदाने दिल्या. भाडेकरूच्या घरात हा फोन महत्त्वाचा असतो. पुढे भाडेकरार संपताना हिशेब नको.

पहिला निर्णय: थांबायचे की लगेच कापायचे

झडप तावदानी पद्धतीची होती. दोन उभ्या आणि चार आडव्या जाड पट्ट्यांच्या चौकटीत पातळ फळ्या खाचेत सैल बसवलेल्या. जुन्या सुतारांनी त्या फळ्यांना गोंद का लावला नाही, याचे कारण लाकूड ऋतूप्रमाणे आडवे फुगते व आकसते हे आहे. फळी खाचेत मोकळी असली की चौकटीला तडा न जाता ती हालचाल करू शकते. पुरात इतके तास बुडूनही झडप सरळ राहिली ती सागाच्या गुणामुळे जितकी, तितकीच या रचनेमुळे.

मुलीला लगेच टेबल हवे होते. परीक्षेपूर्वी करून घ्यावे असा वडिलांचाही आग्रह होता. आजोबांनी सुनेला सांगितले, ‘‘लोखंड असतं तर आजच कापलं असतं, सूनबाई. लाकडाला पाणी प्यायला वेळ लागला, तेवढा सोडायलाही लागू दे.’’ वरून कोरडी दिसणारी झडप आत ओली असते. तशीच कापून त्यावर नवा थर चिकटवला तर आतली ओल अडकते, गोंद सुटतो आणि पुढे फटी पडतात.

ओल मोजण्याचे यंत्र कोणाकडे नव्हते. त्यासाठी जो उपाय निघाला तो साधा, परंतु तर्कशुद्ध होता. झडप प्रथम साबणाच्या पाण्याने, मग ब्लीचिंग पावडरच्या पातळ द्रावणाने आणि शेवटी स्वच्छ पाण्याने धुतली, कारण पुराच्या पाण्यात गटाराचे पाणी मिसळलेले होते. नंतर ती उन्हात न ठेवता जिन्याखालच्या सावलीत, विटांवर आडवी, दोन्ही बाजूंनी वारा लागेल अशी ठेवली आणि भंगारवाल्याच्या काट्यावर दर आठवड्याला तोलली. सुरुवातीला वजन वीस किलोंहून अधिक होते. ते सतराच्या आसपास येऊन स्थिरावले आणि सलग दोन तोलांत फरक पडेना, तेव्हा लाकूड हवेशी जुळले असे मानण्यात आले. तोवर नवरात्र उलटून गेले होते. परीक्षेचा अभ्यास मुलीने शेजाऱ्यांच्या घडीच्या टेबलावर केला आणि ती गैरसोय तिने सहन केली. पावसाळी हवेत वाळवण लांबते, हे गृहीत धरावेच लागते. उन्हात ठेवून घाई केली असती तर एक बाजू लवकर आकसून झडप वाकली असती.

दुसरा निर्णय: रंगाचे काय करायचे

या प्रकरणात सर्वांत जास्त चर्चा रंगावर झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. दारावर हिरव्या तैलरंगाचे अनेक थर होते. मुलीची इच्छा सर्व रंग काढून सागाच्या रेषा उघड्या करण्याची होती, आणि मिस्त्रीने त्यासाठी ग्राइंडरला पॉलिश पेपरची चकती लावून ‘अर्ध्या तासात’ काम करून देण्याची तयारी दाखवली.

भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे असा नियम २०१६ साली झाला आणि तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या तैलरंगांत, विशेषतः हिरव्या, पिवळ्या आणि लाल छटांत, शिशाची संयुगे असण्याची शक्यता मोठी असते. हा रंग त्याच्या कितीतरी आधीचा होता. असा रंग कोरडा घासला की त्याची बारीक धूळ घरभर बसते आणि ती श्वासातून व हातातोंडातून शरीरात जाते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा होणारा परिणाम परत भरून येत नाही. वरच्या मजल्यावर रांगते बाळ होते. आगीच्या ज्योतीने रंग जाळून काढण्याची सवय काही ठिकाणी आहे. तिच्यातून निघणारा धूर त्याहून वाईट. कॉस्टिक सोड्याच्या हौदात दार बुडवणारेही मिळतात, परंतु सोडा सागाला काळपट करतो आणि नुकतेच वाळवलेले लाकूड पुन्हा भिजवतो.

निर्णय असा झाला की रंग काढायचाच नाही, झाकायचा. सुटू लागलेले पापुद्रे तेवढे पाणी शिंपडून, ओल्या स्थितीत पत्र्याने खरवडले. खाली प्लास्टिक पसरले होते, तोंडावर मास्क होता, आणि निघालेला चिखल घट्ट बांधून वेगळा दिला. ग्राइंडर वापरला नाही. वरची बाजू प्लायवुडच्या थराखाली जाणार होती; खालची बाजू व कडा नव्या एनॅमल रंगाच्या दोन थरांत बंद केल्या. मुलीची सागाची हौस वेगळ्या मार्गाने भागली: दाराच्या बाहेरच्या चौकटीचा जो भाग भिंतीत गाडलेला होता त्यावर कधी रंग लागलेलाच नव्हता. त्यातील पांढरे, कडेचे लाकूड वाळवीने खाल्ले होते, पण गाभ्याचे लाकूड शाबूत होते. त्यातून मिस्त्रीने एक पट्टी काढून टेबलाच्या पुढच्या कडेला बसवली. मनगट जिथे टेकते तिथे आता जुना साग आहे.

तिसरा निर्णय: लांबी आणि उंची

खिडकी आणि कपाट यांच्यामध्ये भिंत १२२ सेंटिमीटर मोकळी होती, म्हणून झडप १२० सेंटिमीटरवर कापावी असे वडिलांना वाटत होते. तसे केल्यास करवत एका फळीच्या मधोमध जाणार होती, आणि चौकटीची आडवी पट्टी निघून गेल्यावर उघडी पडलेली फळी व दोन्ही उभ्या पट्ट्यांची टोके कशानेच बांधलेली राहिली नसती. मिस्त्रीने आडव्या पट्टीच्या बाहेरच्या कडेलाच कापण्याचा आग्रह धरला. टेबल ११२ सेंटिमीटरचे झाले, सांधे जसेच्या तसे राहिले. रुंदी झडपेचीच, ५८ सेंटिमीटर. येथे वस्तूने माणसाला थोडे मागे सरायला लावले, आणि ते रास्त होते.

उंचीच्या बाबतीत उलटे झाले. बाजारातील टेबले ७५ सेंटिमीटरच्या आसपास असतात. मुलीच्या खुर्चीची बैठक ४३ सेंटिमीटर होती आणि हात सैल सोडून बसल्यावर तिचे कोपर बैठकीपासून २२ सेंटिमीटरवर येत होते. लिहिण्याचा पृष्ठभाग कोपरापेक्षा किंचित वर असावा; म्हणजे ६७-६८ सेंटिमीटर. जुन्या टेबलावर ती खांदे उचलून का लिहीत होती, याचे उत्तर या मोजमापात मिळाले. खरे तर हे मोजमाप सगळ्यांत आधी व्हायला हवे होते. कुटुंबाने ते पॅलेट आणि लोखंडी टेबल यांच्या चर्चेनंतर घेतले.

कार्यवाही

पायांसाठी पुरात बुडालेल्या एका किराणा दुकानाच्या रॅकचे छिद्रांचे लोखंडी अँगल भंगारात वजनावर घेतले. आजोबांनी ते तारेच्या ब्रशने घासून, रेड ऑक्साइड लावून, धारदार टोके कानसीने गोल केली. छिद्रांमुळे उंची पुढे बदलता येते, आणि उंची वाढणाऱ्या मुलीसाठी हा गुण फार मोलाचा आहे. गुडघ्यांना जागा राहावी म्हणून समोरचा आडवा अँगल लावला नाही, मागे व बाजूंनाच लावला. याचा परिणाम असा की पहिली जोडणी डावी-उजवी डुलू लागली. कोपऱ्यांवर त्रिकोणी पत्रे बसवले, पण डुलणे थांबले ते मागच्या दोन पायांत एक तिरकी लोखंडी पट्टी आवळल्यावर. चौकोन कितीही घट्ट आवळला तरी त्याचा समांतरभुज होऊ शकतो, त्रिकोणाचा आकार मात्र बदलत नाही. आजोबांना हे सांगावे लागले नाही.

झडपेच्या वरच्या बाजूस फळ्या चौकटीपेक्षा सुमारे एक सेंटिमीटर खोल होत्या. त्या खोलगट जागांत प्लायवुडचे तुकडे भोवती बारीक फट ठेवून बसवले आणि ते फळीला चिकटवले नाहीत, म्हणजे फळी हलायला मोकळी राहिली. त्यावर सहा मिलिमीटरचे पाण्याला टिकणारे प्लायवुड केवळ चौकटीच्या पट्ट्यांवर स्क्रूने आवळले आणि वर फिकट, चकाकी नसलेल्या सनमायकाचा कटपीस लावला. काच ठेवण्याची सूचना होती. ट्यूबलाइटचे प्रतिबिंब आणि काचेखाली अडकणारी ओल या दोन कारणांनी ती सोडून दिली.

परिणाम

टेबल दिवाळीच्या सुट्टीपूर्वी वापरात आले. खर्च असा झाला: अँगल चारशे, नट-बोल्ट ऐंशी, रेड ऑक्साइड व एनॅमल एकशे ऐंशी, प्लायवुड तीनशे वीस, सनमायका दीडशे, फेविकॉल नव्वद, पॉलिश पेपर, ब्रश, मास्क व किरकोळ दोनशे दहा, आणि मिस्त्रीची मजुरी चारशे. एकूण १८३० रुपये, म्हणजे ठरलेल्या रकमेपेक्षा तीनशे तीस अधिक. आजोबांच्या श्रमांची किंमत यात धरलेली नाही. ती धरली तर जुने लोखंडी टेबलच स्वस्त पडले असते, असे लेखकाचे मत आजही आहे. आजोबांना हे मान्य नाही; त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पुरानंतरच्या त्या आठवड्यांत त्यांना हाताला काम हवे होते आणि त्याची मजुरी मागायची नसते.

हिवाळ्यात हवा कोरडी झाल्यावर सनमायकाच्या एका कोपऱ्याशी केसाएवढी फट दिसली, ती पुढे वाढली नाही. मुलीची पाठ आणि खांदे यांची तक्रार थांबली आहे. टेबल जड आहे, म्हणून झाडलोट करताना ते सरकवणे आईला त्रासाचे वाटते, आणि ही तक्रार वाजवी आहे.

वेगळे काय करता आले असते

दुसरी झडप अजून जिन्याखाली आहे आणि तिच्यावर शेजारच्या एका कुटुंबाचा डोळा आहे, त्यामुळे हा विचार केवळ कागदावरचा नाही. मुलीचे मोजमाप पहिल्या दिवशी घेतले असते तर लोखंडी टेबलावरची चर्चा पाच मिनिटांत संपली असती. खोलगट जागा भरण्याचा खटाटोप टाळायचा असेल तर तावदानी दाराऐवजी सपाट फळ्यांचे, मागून आडव्या पट्ट्या मारलेले जुने दार शोधावे. जुन्या इमारती पाडतात तेथे ते लाकडाच्या भावाने मिळते, मात्र त्यातील फटी लगद्याने न बुजवता बारीक सागवानी पट्टीने भराव्यात, कारण लगदा पहिल्या उन्हाळ्यात सुटतो. ज्या घरात सहा वर्षांखालील मूल आहे तेथे रंगीत दार वापरावे की नाही याचाच पुन्हा विचार करावा. झाकलेला रंग सुरक्षित असतो तो जोवर कडेचा एनॅमल टवका न जाता टिकतो तोवर, आणि पायाशी खेळणारे मूल कडा कुरतडते.

उरते ते पुढच्या पावसाळ्याचे. टेबलाचा वरचा भाग लोखंडी सांगाड्यावर चार बोल्टांनी बसवलेला आहे, म्हणजे तो काढून दोन माणसांना वरच्या मजल्यावर नेता येतो. परंतु त्यासाठी नट उघडायचे दोन पाने लागतात, आणि पाणी चढते तेव्हा वीज गेलेली असते. साध्या नटांच्या जागी हाताने फिरणारे पंखाचे नट बसवण्याचे काम आजोबांनी जूनच्या आधी करायचे ठरवले आहे.